शाळेसमोरची वरात

"एवढा मोठा रस्ता पडला आहे माय, पण पोट्ट्याईले मधातच चालाचं असते," शेजारची शकुन पुटपुटली. मी तिच्या छातीभोवती टेप धरून उभी होते, म्हणून ते पुटपुटणं थेट माझ्या कानात शिरलं. माप देताना बाई श्वास रोखून धरते, पण तक्रार रोखून धरत नाही, हा माझा धंद्यातला जुना अनुभव आहे. मी म्हटलं, हात वर कर. तिनं केला. कोपऱ्यातल्या स्टुलावर माझी आचल डाव्या हातानं हुक निवडत बसली होती, कारण उजवा प्लास्टरमध्ये होता. तिनं एकदा शकुनकडे पाहिलं आणि पुन्हा हुक निवडायला लागली.

अमरावतीत माझं ब्लाउजचं आणि फॉल-पिकोचं दुकान आहे, मुलींच्या शाळेच्या बरोबर समोर. मध्ये फक्त रस्ता. हा 'फक्त' शब्द मी पूर्वी अगदी सहज वापरायची. रस्त्याला दुभाजक आहे आणि शाळेसमोर त्यात माणसापुरती एक फट आहे. पायी जाणाऱ्यानं त्या फटीतून जावं आणि गाडीवाल्यानं पुढच्या चौकातून वळसा घालून यावं, अशी सरकारची कल्पना. तो वळसा आमच्या मोहल्ल्यातल्या कोणीही आजवर घातलेला नाही. आमचे लोक काशीला जाऊन येतील, पण तो चौक लांब पडतो म्हणतात. त्यामुळे शाळेच्या वेळी अर्ध्या गाड्या सरळ येतात आणि अर्ध्या उलट्या बाजूनं येतात, आणि उलट्या बाजूनं येणारे सरळ येणाऱ्यांवर हॉर्न वाजवतात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यातली गोष्ट. आचल चौथीत गेली म्हणून मी तिला यंदापासून एकटीनं रस्ता ओलांडायची परवानगी दिली होती. फटीपर्यंत बरोबर गेली, थांबली, गाड्या जिकडून येतात तिकडे पाहिलं, अगदी पुस्तकात लिहिलंय तसं, आणि पाऊल टाकलं. गाडी जिकडून येत नाही तिकडून आली. पाण्याच्या बाटलीचा पापड झाला, मनगटाचं हाड मोडलं. मी मशीनवरून उठून बाहेर येईपर्यंत शकुननं तिला उचलून आपल्या स्कूटीवर घेतलं होतं. तिनंच दवाखान्यात नेलं, एक्स-रे होईस्तोवर मांडीवर घेऊन बसली, आणि मी पोचले तेव्हा रडत म्हणाली, "गाडीनं धक्का मारला व पौर्णिमे." त्यानंतर कितीतरी दिवस तिच्या घरून शिऱ्याचा डबा येत राहिला. साजूक तुपातला.

कोणाची गाडी, हे मोहल्ल्यात कोणी विचारलं नाही. जी गोष्ट सगळ्यांना माहीत असते ती विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. आचलला विचारलं तर ती म्हणायची, माहीत नाही. मीही शकुनला विचारलं नाही. आचल पोटात होती तेव्हापासून जिच्या घरचं विरजण आणतेय, तिला काय विचारणार? शिवाय तिला विचारलं असतं तर घरात सुगतलाही विचारावं लागलं असतं, कारण आमचे हे प्लास्टर बांधलेल्या लेकीला दुसऱ्या दिवसापासून मोटरसायकलवर शाळेत सोडायला लागले होते. रस्त्याच्या पलीकडे. आणि वळसा न घालता.

मोहल्ल्यानं मात्र निकाल लावला. गाडी अकोल्याची असणार. एमएच तीस. अकोल्याच्या लोकांना गाडी चालवता येत नाही, यावर अमरावतीत कधी दुमत झालेलं नाही. चहाच्या टपरीवर तर ती गाडी पाहिलेले दोघेतिघे निघाले. एकानं रंग लाल सांगितला, एकानं निळा. शकुन गप्प राहून ऐकायची. तिची स्कूटी पांढरी.

आचलचं एक झालं. गाडीवर बसली की डोळे मिटायची, फाटकाशी उघडायची. प्लास्टर निघेल, पण मिटलेले डोळे काय औषधानं उघडणार? ती पुन्हा स्वतःच्या पायांनी त्या फटीतून जावी, एवढंच मला हवं होतं. पुढं जे रामायण झालं ते तेवढ्यासाठी झालं, हे इथंच सांगून ठेवते, कारण नंतर लोकांनी त्याला बरीच कारणं जोडली.

सुगत जलसंपदा खात्यात आहेत. आमच्या घरी भाजीत मीठ जास्त पडलं तरी त्यांना अर्ज सुचतो. त्यांनी सुरेख अर्ज लिहून दिला: शाळेसमोर गतिरोधक व झेब्रा पट्टे मिळणेबाबत. मी तो घेऊन एका कचेरीत गेले. तिथं म्हणाले, रस्ता आमचा नाही. दुसऱ्या कचेरीत म्हणाले, रस्ता आमचा आहे, पण दुभाजक त्यांचा. म्हणजे माझी पोरगी ज्या फटीत उभी होती ती फट कोणाची, यावर दोन्ही खात्यांचं एकमत होतं: कोणाचीच नाही. शेवटी एका टेबलावरच्या साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "मयत किती?"

मी म्हटलं, कोणी नाही.

त्यांनी अर्ज जरा लांब सरकवला, आपण अर्धवट कागदपत्रं आणणाऱ्याकडे पाहतो तसं माझ्याकडे पाहिलं, आणि समजावून सांगितलं की जागा अपघातप्रवण ठरायला काही निकष असतात. मी विचारलं, "म्हणजे पोरगी वाचली, ही माझ्या अर्जातली त्रुटी का?" त्यांनी मला बसायला सांगितलं आणि चहा मागवला. चहा चांगला होता. गतिरोधक आला नाही.

तेव्हा मी ठरवलं, पट्टे आपणच मारायचे. ही बातमी खुशालरावांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. खुशालराव आमच्या मोहल्ल्याचे स्वयंभू अध्यक्ष. सगळी नोकरी रेल्वेत, धामणगावला, तिकीट खिडकीत झाली. पण बोलतात असं की गाड्या तेच थांबवत आणि तेच सोडत. त्यांनी सांगितलं, रंग महाग पडतो, चुन्यात डिंक घाला. आम्ही घातला. रविवारी मी, सुगत आणि दोनचार बाया झाडू घेऊन रस्त्यावर उतरलो. पट्टे आडवे की उभे, यावर वाद झाला. खुशालराव म्हणाले, "रूळ डोळ्यांपुढं आणा बाई. मानूस ज्या दिशेनं जाते, रूळ त्या दिशेनं. पट्टेबी तसेच." एवढा रेल्वेचा माणूस सांगतोय म्हटल्यावर आम्ही फुटपाथपासून दुभाजकापर्यंत लांबच लांब रूळ काढले. फार देखणे आले होते. मी तर दुकानाच्या दारात उभी राहून फोटोही काढला.

सोमवारी सकाळी शटर उघडते तो काय, दोन-दोन रुळांमध्ये एकेक गाडी उभी. इतक्या शिस्तीत आमच्या लोकांनी आयुष्यात गाड्या लावल्या नव्हत्या. सगळ्यांत पुढं पांढरी स्कूटी. शकुन नातीला सोडायला आली होती. किल्ली बोटाभोवती फिरवत म्हणाली, "बरं केलं व पौर्णिमे. पार्किंगची लय पंचाईत होती."

मी आत जाऊन मशीन सुरू केली. एक ब्लाउज उलटा शिवला गेला.

पुढच्याच आठवड्यात धाकट्या बहिणीच्या, दीपमालाच्या, पुतणीचं लग्न होतं म्हणून अकोल्याला गेले. तिच्या घराजवळही शाळा आहे, तिथंही तोच धिंगाणा. मी सहज विचारलं, अशा उलट्या गाड्या कोण घालतं इथं? दीपमालाचे सासरे म्हणाले, "अमरावतीवाले. एमएच सत्तावीस." दोन्ही शहरांची इतकी वर्षं एकमेकांवर इतकी चोख नजर आहे, आणि घरातली गाडी तेवढी दिसत नाही. आमचीच सत्तावीस दारात उभी होती, म्हणून मी विषय लग्नाकडे नेला.

संध्याकाळी वरात निघाली. बँड, लाईटांची झुंबरं डोक्यावर घेतलेल्या बाया, घोड्यावर नवरदेव, पुढं नाचणारी पोरं. अख्खा रस्ता बंद. मी मागं वळून पाहिलं तर एसटी थांबलेली, ट्रक थांबलेला, कार थांबलेल्या, आणि कोणाच्याही कपाळावर आठी नाही. एक ट्रकवाला तर खाली उतरून नाचून गेला. कोणाचं लग्न हेही त्याला ठाऊक नसेल. मी तिथंच उभी राहिले. म्हणजे आपल्या लोकांना थांबता येत नाही, असं नाही. पोर आलं तर थांबत नाहीत, म्हातारी आली तर थांबत नाहीत. फक्त वाजलं पाहिजे.

देवमन बँडवाले आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. त्यांच्या बँडचे लाल कोट मीच उसवून सैल करून देते, कारण लग्नाचं जेवण जेवून जेवून सगळा बँड सालोसाल रुंद होतो. मी त्यांना म्हटलं, मामाजी, तुमच्या वराती संध्याकाळच्या. सकाळी जरा शाळेच्या पोरी पलीकडं पोचवून द्याल का, वाजवत? त्यांनी क्लॅरिनेट पुसून खाली ठेवलं. मग विचारलं, "गाणं कोणतं?" माणूस असावा तर असा. काहून, कशाला, काही नाही. थेट कामाचं विचारलं.

पहिल्या दिवशी एक ट्रम्पेट, एक ढोल आणि देवमनमामांचं क्लॅरिनेट. मागं दोन रांगांत पोरी, पाठीवर दप्तरं, शेवटी मी गळ्यात टेप तशीच घेऊन. ढोल वाजला आणि रस्ता, काय सांगू, तुटल्यासारखा थांबला. सरळ येणारेही थांबले, उलटे येणारेही थांबले. एका ऑटोवाल्यानं स्टेअरिंगवर ताल धरला. पोरी नाचत नाचत पलीकडे गेल्या. कोणाला साधा ओरखडा नाही. आचल दुकानाच्या उंबरठ्यावर उभी राहून बघत होती. प्लास्टर त्याच आठवड्यात निघालं होतं. मी हात पुढं केला, तिनं मान हलवली आणि बापाच्या गाडीवर बसली. डोळे मिटून. पण पाय तालावर हलत होते, ते मी पाहिलं.

चार दिवसांनी खुशालराव सल्ला घेऊन आले. लोक ओळखून राहिले, म्हणाले. वरात आहे पण नवरदेव नाही, असं चालत नाही. लोक थांबतात ते नवरदेवाच्या मानासाठी. आणि खरंच, गाड्या आता बँडच्या दोन्ही कडांनी निसटायला लागल्या होत्या. मग नवरदेव कोण? देवमनमामांचं वय झालेलं, खुशालराव स्वतः तयार होते पण त्यांच्या घरून परवानगी येईना. उरले सुगत. जरीचा फेटा बांधून, अर्ज करण्याची शेवटची संधी हुकलेल्या माणसाच्या चेहऱ्यानं ते बँडच्या पुढं उभे राहिले. आचल त्यामुळं माझ्या दुकानातच थांबायची आणि ऑफिसला जाताना ते तिला सोडायचे, फेट्यासकट.

गाड्या पुन्हा थांबल्या. पण अमरावतीत नवरदेव रोज त्याच रस्त्यावर दिसतो म्हटल्यावर बातमी व्हायचीच. ती माझ्या माहेरी, परतवाड्याला पोचेपर्यंत एवढीच उरली होती, की जावयानं दुसरं लग्न केलं, वाजतगाजत केलं, आणि पौर्णिमा वरातीत मागून चालत होती. माझी आई माणिकबाई सकाळच्या पहिल्या जीपनं दोन मामांना घेऊन उतरली ती थेट वरातीत. सुगतचा फेटा एका मामांच्या हातात, दुसऱ्या मामांच्या हातात सुगत. समोर शंभर पोरी आणि बँड चालूच, कारण देवमनमामांचा नियम आहे की लग्नात काहीही झालं तरी वाजवणं थांबवायचं नाही. मी आईला सगळं समजावलं. ती शांत झाली. मग म्हणाली, "अन् नवरीच्या जागी तुले कोणी उभं नाही केलं? एवढं शिवतं, सोतासाठी शालूवरचा एक ब्लाउज नाही शिवला?" बाईचा अपमान नेमका कुठं होतो, ते आईलाच कळतं.

या गोंधळाचा व्हिडिओ निघाला आणि तिसऱ्या दिवशी वाहतूक शाखेचे शिवमसाहेब दुकानात आले. माझ्या भाच्याच्या वयाचे, बोलायला मऊ. त्यांनी सांगितलं की शाळेचा परिसर शांतता क्षेत्र असतो, तिथं बँड वाजवता येत नाही. मी विचारलं, हॉर्न? ते म्हणाले, हॉर्नही नाही. आम्ही दोघं थोडा वेळ बाहेरचे हॉर्न ऐकत बसलो. मग त्यांनी मिरवणुकीच्या परवानगीचा कागद पुढं केला. त्यात वराचं नाव, वधूचं नाव, प्रसंग, मार्ग कोठून कोठे. मी मार्ग भरला: दुकानापासून फाटकापर्यंत. वधूच्या रकान्यात शाळेच्या पटावरच्या सगळ्या पोरी, असं लिहिलं. ते साहेबांना चालेना. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, उद्यापासून वाजलं तर मला वाद्यं जप्त करावी लागतील, ताई, माझा नाइलाज आहे.

त्या संध्याकाळी दुकानात सगळा मोहल्ला जमला. प्रत्येकाचं म्हणणं होतं की फार झालं. खुशालरावांनी लोखंडी फाटक सुचवलं. शकुन म्हणाली, आपल्या लोकाईच्या हातात काय आहे, सगळा कारभार अकोल्याच्या गाड्याईनं बिघडवला. सगळ्यांनी माना हलवल्या. मी ब्लाउजला काज करत होते. कात्री खाली ठेवून म्हटलं, बँड नको तर नको. रस्ता ओलांडायला परवानगी लागत नाही ना? उद्या मी बिनआवाजाची वरात काढते. ज्याला यायचं त्यानं यावं, नाही त्यानं आपली गाडी काढावी. सुगत म्हणाले, बिनआवाजाच्या वरातीला कोण थांबेल? मी म्हटलं, तेच बघायचं आहे.

सकाळी सगळेच आले. वऱ्हाडी माणूस कार्यक्रम फसणार म्हटल्यावर घरी राहत नाही. आई आली, तिनं मला काठाची साडी नेसायला लावली होती. सुगत फेटा बांधून. देवमनमामा लाल कोटात, क्लॅरिनेट बगलेत, ट्रम्पेट आणि ढोलवाले हात मागं बांधून. शिवमसाहेब शिट्टी तोंडाशी न नेता दुभाजकाला टेकून उभे. पोरी रांगेत. मी उंबरठ्याकडे पाहिलं. आचल खाली उतरली होती. पुढं आली, बापाच्या पुढं, ढोलाच्या पुढं, आणि उभी राहिली. आता तिच्यापुढं फक्त रस्ता.

आम्ही निघालो. इतकी शांत वरात मी पाहिली नाही. नुसत्या चपलांचा आवाज. सरळ येणाऱ्या गाड्या एकेक करून थांबल्या, बहुतेक कोणीतरी गेलं, प्रेतयात्रा आहे, असं समजून. एकानं तर हेल्मेट काढलं. आम्ही फटीत पोचलो. आचल थांबली. तिनं जिकडून गाड्या येतात तिकडे पाहिलं. मग मान वळवून जिकडून येऊ नये तिकडेही पाहिलं, आणि डोळे उघडे ठेवून पाहिलं.

तिकडून पांढरी स्कूटी येत होती. हॉर्न वाजवत, मागं नात, पायापाशी भाजीची पिशवी. शकुनला वाटलं असेल, बँड नाही, म्हणजे वरात नाही. मी पुढं व्हायला लागले तर आईनं माझा पदर धरला.

आचलनं मोडलेला तो हात वर केला, आता बरा झालेला, अजून जरा बारीक दिसणारा. तळवा पुढं. स्कूटी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"मावशी," आचल म्हणाली, "तू राँग साईडनं येऊन राहिली."

मोठ्यानंही नाही म्हणाली. पण बँड नव्हता, हॉर्न थांबला होता. सगळ्या रस्त्यानं ऐकलं. खुशालराव चुन्याच्या उरल्यासुरल्या रुळांकडे बघायला लागले. सुगतनी फेटा काढून हातात घेतला. टपरीवरचे दोघेतिघे, ज्यांनी लाल आणि निळी गाडी पाहिली होती, ते ग्लासात बघायला लागले. मला वाटलं आता शकुन अकोला म्हणेल. ती काय म्हणेल याची सगळा मोहल्ला वाट बघत होता, आणि मी सगळ्यांत जास्त.

शकुननं गाडी बंद केली. नातीला उतरवलं, स्वतः उतरली. मग स्टँड लावून आचलसमोर आली.

"हाव बेटा," ती म्हणाली. "त्या दिवशीबी मी इकडूनच आली होती. तुले मीच पाडलं."